कचरा येतो कुठून? जुन्या बाईकची टाकी, कॉक, पाइप आणि फ्लोट पिन घरी बदलताना

माझी स्प्लेंडर २००३ ची. दर पावसाळ्यात तिचं एकच रडगाणं: सकाळी सहा-सात किका, मग सुरू, मग सिग्नलला बंद, मग पुलाच्या चढावर मिसिंग. एका मोसमात मी तीन वेळा कार्बोरेटर साफ करून घेतला. तिन्ही वेळा मेकॅनिक म्हणाला, "कचरा आला होता." तिन्ही वेळा ते खरंच होतं. चौथ्यांदा दुकानात जाण्याआधी मी स्वतःलाच विचारलं, की हा कचरा येतो कुठून?

वरून येतो. या गाड्यांना पेट्रोलचा पंप नसतो, पेट्रोल स्वतःच्या वजनाने खाली उतरतं. टाकी, टाकीतली जाळी, कॉक (पेट्रोल चालू-बंद करायची टाकीखालची तोटी), पाइप, आणि मग कार्बोरेटरमधली फ्लोट पिन (पेट्रोल अडवणारी सुई), बाउल (पेट्रोल साठवणारी तळाची वाटी) आणि जेट (बारीक भोकाचा तुकडा), अशी ती वाट आहे. वरची टाकी गंजलेली आणि पाइप आतून भुसभुशीत झालेला असेल, तर खाली जेट कितीही चकचकीत करा, पंधरवड्यात तेच. म्हणून या लेखातला क्रम वरून खाली आहे आणि कार्बोरेटर शेवटी येतो.

हे सगळं कार्बोरेटरवाल्या दुचाकींसाठी: स्प्लेंडर, पॅशन, जुनी पल्सर, डिस्कव्हर, आरएक्स १०० वगैरे. एप्रिल २०२० नंतर आलेल्या बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमांच्या) पेट्रोल गाड्या जवळपास सगळ्या इंजेक्शनच्या आहेत. त्यांच्या टाकीत पंप असतो, पाइपमध्ये दाब असतो, आणि पाइप नुसता ओढला तर पेट्रोलची पिचकारी तोंडावर येते. त्यांच्यासाठी हा लेख नाही.

आधी दहा मिनिटांची तपासणी

पाना हातात घेण्याआधी एक साधी चाचणी करा. इंजिन थंड असू द्या. कॉक बंद करा, पाइपचं कार्बोरेटरकडचं टोक काढून एका स्वच्छ काचेच्या बरणीत सोडा. आता कॉक 'ऑन' करा आणि घड्याळ लावून एक मिनिट मोजा.

किती यायला हवं? हिशोब करून बघा. ताशी साठच्या वेगाने लिटरला साठ किलोमीटर देणाऱ्या गाडीला तासाला एक लिटर लागतं, म्हणजे मिनिटाला जेमतेम सतरा मिली. चढावर, डबलसीट, पूर्ण थ्रॉटलला याच्या दोन-तीन पट धरा. बरणीत मिनिटाला दीडशे मिलीच्या वर सलग धार आली तर वरची वाट मोकळी आहे. धार आधी चांगली आणि मग बारीक बारीक होत गेली, तर टाकीचं झाकण उघडा. उघडताच धार परत जोरात आली, तर दोष झाकणाच्या हवेच्या भोकात आहे. पेट्रोल खाली जाताना त्याच्या जागी हवा आत यायला हवी. ते भोक धूळ आणि गंजाने बुजलं की टाकीत निर्वात तयार होतो आणि गाडी वीस मिनिटं चालून बंद पडते. थोडा वेळ थांबलात की पुन्हा सुरू. या एका भोकापायी लोकांनी कॉइल, प्लग, अख्खा कार्बोरेटर बदललेला मी पाहिलाय.

'ऑन'वर धार नाही पण 'रिझर्व्ह'वर आहे, तर आधी टाकीत पेट्रोल किती आहे ते बघा. ते पुरेसं असेल तर कॉकची उंच नळी किंवा तिची जाळी तुंबली आहे. उलटही होतं: उंच नळी मुळाशी तुटलेली असते, त्यामुळे गाडी 'रिझर्व्ह लागली' असं कधी सांगतच नाही, एकदम ठणठणाट होतो.

बरणी तशीच अर्धा तास ठेवा. तळाला लाल-तपकिरी गाळ म्हणजे गंज. काळे बारीक कण म्हणजे पाइपचं रबर. आणि तळाशी वेगळा थर किंवा गोल थेंब दिसले तर पाणी.

जुनं रबर आता का जातं

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायचा कार्यक्रम २००३ पासूनचा, पण खरा फरक अलीकडचा. २०२२ च्या मध्याला देशभरात सरासरी मिश्रण दहा टक्क्यांवर गेलं आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर. कोल्हापूर-सांगलीचा ऊस आता असाही आपल्या टाकीत येतो. वीस-बावीस वर्षांपूर्वीच्या गाडीतले ओ-रिंग, पॅकिंग आणि पाइप या मिश्रणासाठी बनवलेले नव्हते. काही रबरं त्यात फुगतात, काही कडक होऊन तडकतात.

दुसरं म्हणजे इथेनॉल पाणी शोषतं. ठरावीक मर्यादेपर्यंत ते पाणी पेट्रोलमध्ये मुरलेलं राहतं. मर्यादा ओलांडली की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळे होतात आणि जड असल्याने तळाला बसतात, म्हणजे बरोबर कॉकच्या तोंडाशी. मुंबईत जून ते सप्टेंबर उघड्यावर उभी, अर्ध्या टाकीवर ठेवलेली, झाकणाचं रबर वाळलेली गाडी म्हणजे या प्रकाराला आमंत्रणच. माझी तेव्हा नेमकी तशीच उभी असायची.

सामान

पाइप, कॉक (जाळी आणि ओ-रिंगसकट), टाकीच्या झाकणाचं रबर, कार्बोरेटरचं किट (फ्लोट पिन, बाउलचं पॅकिंग, बारीक ओ-रिंग) आणि कार्बोरेटर-इंजिन मधली ओ-रिंग. क्लिपा नव्या घ्या, त्या रुपयांच्या भावात मिळतात. ऑपेरा हाउसच्या बाजूची स्पेअर पार्टची दुकानं धुंडाळायची हौस असेल तर जरूर जा, पण बहुतेक उपनगरांत स्टेशनजवळच्या दुकानात हे सगळं मिळतं. जुना भाग खिशात घालून न्या. 'स्प्लेंडरचा कॉक द्या' म्हणालात तर दुकानदार विचारेल, 'कुठली?' आणि त्याचं बरोबर असतं.

पाइपच्या बाबतीत काटकसर करू नका. हातगाडीवर फुटावर मिळणारा हिरवा-पिवळा पारदर्शक प्लॅस्टिकचा पाइप दिसायला छान, पेट्रोल दिसतं म्हणून लोकांना आवडतो. काही महिन्यांत तो काठीसारखा कडक होतो आणि क्लिपेपाशी चिरतो. एकतर कंपनीचा वळण दिलेला पाइप घ्या, नाहीतर ज्यावर 'एसएई जे३० आर९' असं छापलेलं असतं तो. त्याच्या आतला थर फ्लोरोइलॅस्टोमर नावाच्या रबराचा असतो, तो इथेनॉलला दाद देत नाही. आतला व्यास जुन्या तुकड्यावरूनच ठरवा. अर्धा मिलीमीटर सैल पाइप क्लिपेने कितीही आवळला तरी गळतो.

बाहेरून फिल्टर बसवावा का? माझं मत: टाकी साफ असेल तर नको. बारीक कागदी फिल्टर पंपाच्या गाड्यांसाठी असतात, नुसत्या वजनाने उतरणारं पेट्रोल त्यातून रेंगाळतं. बसवायचाच तर जाळीचा, बाणाची दिशा कार्बोरेटरकडे.

जागा, वेळ आणि आग

इथे जरा थांबतो, कारण मुंबईत कुणाकडे स्वतंत्र गॅरेज नसतं. आपण हे काम करतो ते बिल्डिंगच्या आवारात, नाहीतर चाळीच्या बोळात. पेट्रोल अगदी गोठणबिंदूच्या खालीसुद्धा पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. ती वाफ हवेपेक्षा जड असते, वर उडून जात नाही. जमिनीलगत सरपटत उताराकडे जाते: गटारात, लिफ्टच्या खड्ड्यात, तळमजल्याच्या उंबऱ्याखालून आत. आणि तळमजल्यावर गॅस पेटलेला असतो, देवघरात समई असते.

म्हणून काम सकाळी, उजेडात, चारी बाजूंनी मोकळ्या जागेत. तिन्हीसांजेला कधीच नाही. स्टिल्ट पार्किंगच्या आतल्या कोपऱ्यात नाही, मीटरबॉक्सजवळ नाही. तळमजल्यावरच्यांना आधी सांगा, वॉचमनला विडी बाजूला ठेवायला सांगा. जवळ कोरड्या वाळूची बादली किंवा पावडरचा अग्निशामक ठेवा. पाण्याची बादली पेट्रोलच्या आगीवर ओतली तर पेट्रोल तरंगत पसरतं, आग सोबत नेतं. टाकीत डोकावायला एलईडी टॉर्च, वायरचा बल्ब नाही. बॅटरीची निगेटिव्ह वायर सगळ्यात आधी काढा, कारण टाकीला गेजची वायर असते.

टाकी उतरवणे

टाकी जवळजवळ रिकामी असताना काम काढा. उरलेलं पेट्रोल पाइपमधून झाकणाच्या धातूच्या कॅनमध्ये उतरवून घ्या, पाण्याच्या बाटल्यांत नको. नंतर कोणी तहानेने उचलली तर?

साइड कव्हर, मग सीट, मग टाकीच्या मागचा बोल्ट. पुढच्या बाजूला टाकी दोन रबरांवर नुसती अडकलेली असते. गेजचा कनेक्टर सोडवा, पाइप कॉकपासून सोडवा, टाकी मागून थोडी उचलून मागे ओढा. जुना पाइप ओढून निघत नसेल तर जोर लावू नका. ब्लेडने लांबीच्या दिशेने चीर द्या आणि सोलून काढा. तो फेकायचाच आहे, कॉकची तोटी वाकवायची नाही.

आत टॉर्च मारा. हलका तांबूस थर असेल तर काही करू नका, जाळी ते अडवते. पापुद्रे सुटत असतील तर साफ करावीच लागेल. कॉक आणि गेजचा फ्लोट काढा, भोकं रबर-पट्टी लावून बंद करा. पहिल्यांदा थोड्या डिझेलमध्ये मूठभर छोटे नट टाकून टाकी चारी बाजूंनी हलवा, ओता, नट मोजून बाहेर काढा. मोजणं महत्त्वाचं, एक नट आत राहिला की वर्षभर खडखडाट ऐकाल. मग साबणाच्या पाण्याने डिझेलचा तेलकटपणा घालवा, नाहीतर पुढची पायरी वाया.

पुढची पायरी म्हणजे लिंबूसत. किराणा दुकानात मिळतं. लिटरभर कोमट पाण्यात पन्नास ग्रॅम या प्रमाणात टाकी काठोकाठ भरा आणि रात्रभर ठेवा. रंगावर सांडू देऊ नका. सकाळी पाणी काळपट-हिरवट येईल. ओता, खायच्या सोड्याच्या पाण्याने विसळा, मग साध्या पाण्याने दोनदा. आता घाई करायची, कारण उघडा पडलेला पत्रा आपल्या दमट हवेत तासाभरात परत तांबूस होऊ लागतो. कडक उन्हात तोंड खाली करून वाळवा आणि लगेच थोडं पेट्रोल घालून सगळीकडे फिरवा. हेअर ड्रायर, हीट गन वगैरे कल्पना सोडून द्या. हे काम जुलैत काढू नका, मे किंवा ऑक्टोबर बघा.

टाकीला तळाशी भोक निघालं तर एम-सील हा तात्पुरता उपाय आहे, वर्षाचा नाही. आणि टाकी वेल्डिंगला घरी कधीच नाही. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त घातक, कारण आत फक्त वाफ उरलेली असते.

कॉक

काही गाड्यांना कॉक दोन बोल्टवर असतो, काहींना एका मोठ्या नटावर. बसण्याची जागा कापडाने पुसा, जुन्या ओ-रिंगचा तुकडा चिकटलेला असतो तो नखाने काढा. नवी ओ-रिंग इंजिन ऑइलच्या थेंबाने ओली करून बसवा. इथे सिलिकॉनचा गोंद लावायचा मोह होतो. साधा सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगून सुटतो आणि त्याचे जेलीसारखे तुकडे थेट जेटमध्ये जाऊन बसतात. ओ-रिंग बरोबर असेल तर गोंदाची गरज नसते. गरज वाटत असेल तर ओ-रिंग चुकीची आहे.

बोल्ट बेताने. टाकीच्या आट्या नाजूक असतात, एकदा गेल्या की टाकीच गेली.

पाइप

पाइप कॉकपासून कार्बोरेटरपर्यंत सतत उताराचा हवा. मध्ये वर चढणारी कमान झाली की तिथे हवेचा बुडबुडा अडकतो आणि पेट्रोल थबकतं. सिलिंडरच्या पंखांना टेकू देऊ नका, टाकी बसवताना दबून घडी पडत नाही ना ते बघा. लांबीला एखादा सेंटीमीटर सैल ठेवा. टोक जात नसेल तर अर्धा मिनिट गरम पाण्यात बुडवा आणि कोरडं करून बसवा.

कार्बोरेटर: किती उघडायचा आणि किती नाही

रात्री उभ्या गाडीखाली पेट्रोलचा डाग पडतो, ओव्हरफ्लोच्या बारीक नळीतून टिपकतं, तर दोष बहुधा फ्लोट पिनचा. बाउलमध्ये पेट्रोल वर चढलं की फ्लोट तरंगून पिन वर दाबतो आणि वाट बंद करतो. पिनच्या रबरी टोकावर झिजल्याची गोल खाच पडली की वाट पूर्ण बंद होत नाही. असं दिसलं तर आणखी एक गोष्ट न चुकता बघा: इंजिन ऑइलचा वास. पेट्रोल कधी कधी सिलिंडरमधून खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइलची पातळी वाढलेली आणि ते पाण्यासारखं पातळ असेल, तर ऑइल बदलल्याशिवाय एकही किक मारू नका.

कार्बोरेटर काढण्याआधी ड्रेन स्क्रूने बाउल रिकामा करा आणि फोनवर चारी बाजूंनी फोटो घ्या. वरचं झाकण फिरवलं की थ्रॉटलची केबल स्लाइड (हवेची वाट उघडझाक करणारा दट्ट्या) आणि सुईसकट वर येते. सुईची क्लिप वरून कितव्या खाचेत आहे ते कागदावर लिहा.

बाउलचे स्क्रू बिघडतात ते चुकीच्या स्क्रू ड्रायव्हरमुळे. हे जपानी घाटाचे फुल्लीचे स्क्रू आहेत, नेहमीच्या टोकदार ड्रायव्हरने ते घसरतात. टोक घट्ट बसणारा ड्रायव्हर घ्या, त्याच्या मागे हातोडीचा एक हलका ठोका द्या, मग पूर्ण वजन टाकून फिरवा.

फ्लोटची आडवी काडी एका बाजूने हलकेच ढकलून काढा, फ्लोट आणि पिन एकत्र बाहेर येतात. फ्लोट कानाजवळ हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर फ्लोटही बदला. पिन जिथे बसते ती पितळी जागा कापसाच्या काडीने पुसून चकचकीत करा. तिथे चरा असेल तर नवी पिनही गळणार.

मेन जेट आणि पायलट जेट काढा, त्यांवरचे आकडे लिहून ठेवा आणि परत तेच बसवा. किटमध्ये वेगळ्या आकड्याचे जेट आले म्हणून डोळे झाकून बसवू नका. साफ करायला कार्ब क्लीनरचा फवारा आणि हवा पुरे. स्टीलची तार घालू नका, भोक मोठं झालं की जेट बाद. फार तर वायरमधला तांब्याचा एक बारीक तंतू. जेट उजेडासमोर धरा, गोल आणि स्वच्छ भोक दिसलं पाहिजे. पायलट जेटचं भोक इतकं बारीक असतं की नव्वद टक्के बंद असूनही उघडं वाटतं, दोनदा बघा.

मिश्रणाचा स्क्रू (पेट्रोल-हवेचं प्रमाण ठरवणारा) काढण्याआधी हलक्या हाताने पूर्ण आत फिरवून किती फेरे गेले ते मोजा. बाहेर काढला की मागून स्प्रिंग, वॉशर आणि एक इवलीशी ओ-रिंग यायला हवी. ओ-रिंग बहुतेक वेळा भोकातच राहते. टाचणीने अलगद ओढा, नाहीतर नवी तिच्यावर बसवाल आणि आयडलिंग (थ्रॉटल न देता इंजिन सलग चालणं) कधीच लागणार नाही.

जोडून झालं की तोंडाने चाचणी करा. पेट्रोल येण्याच्या तोटीला स्वच्छ पाइप लावून फुंका: कार्बोरेटर सुलट असताना हवा गेली पाहिजे, उलटा केला की अडली पाहिजे. मगच गाडीवर चढवा, इंजिनकडची ओ-रिंग नवी, दोन्ही नट आळीपाळीने थोडे थोडे. स्लाइड घालताना तिची खाच आणि आतली खुंटी जुळवा. जबरदस्तीने फिरवलेली स्लाइड उघडी अडकते आणि इंजिन पहिल्याच किकेला किंचाळतं.

सुरू करणे

टाकी बसवा, एक-दोन लिटर पेट्रोल घाला, गाडीखाली जुना पेपर अंथरा आणि कॉक उघडून पंधरा मिनिटं नुसतं बसा. कॉकचा सांधा, पाइपची दोन टोकं, बाउलची कड, ओव्हरफ्लो, अशा पाचही जागी कोरडं बोट फिरवा. सगळं कोरडं असेल आणि वास गेला असेल, तरच बॅटरी जोडा आणि किक मारा. बाउल भरायचा असतो म्हणून पहिल्या चार-पाच किका वाया जातील.

दहा मिनिटं फिरवून इंजिन गरम करा, मग आयडलिंग. मिश्रणाचा स्क्रू इंजिनच्या बाजूला असेल तर बाहेर काढल्याने पेट्रोल वाढतं. एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर बाहेर काढल्याने हवा वाढते. मोजलेल्या फेऱ्यांपासून सुरुवात करा, पाव-पाव फेरा फिरवत आवाज जिथे सर्वांत चढा आणि सलग लागेल तिथे थांबा, मग थ्रॉटलच्या स्क्रूने आयडलिंग खाली आणा. वीस टक्के इथेनॉलवर जुना जेट किंचित कोरडं मिश्रण (पेट्रोल कमी, हवा जास्त) देतो, त्यामुळे पूर्वीपेक्षा पाव-अर्धा फेरा पेट्रोलच्या बाजूला गेला तर नवल नाही. जेट कोरून मोठा करायच्या भानगडीत पडू नका.

कान पुरेसा वाटत नसेल तर पीयूसी (प्रदूषण तपासणीचा दाखला) काढताना कागद खिशात घालण्याआधी वाचा. ३१ मार्च २००० नंतर बनलेल्या या पिढीच्या फोर-स्ट्रोक दुचाकींना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३.५ टक्के आणि हायड्रोकार्बनची ४,५०० पीपीएम आहे. कार्बन मोनॉक्साइड मर्यादेला टेकलेलं असेल तर मिश्रणात पेट्रोल जास्त आहे, स्क्रू थोडा उलट. ते अगदी कमी पण हायड्रोकार्बन चढलेलं असेल आणि गाडी आयडलिंगला अडखळत असेल, तर मिश्रण कोरडं आहे किंवा कार्बोरेटरच्या मागच्या सांध्यातून हवा शिरतेय.

उरलेलं गढूळ पेट्रोल गटारात ओतू नका. कॅन दोन दिवस सावलीत, घराबाहेर, स्थिर ठेवा. गाळ आणि पाणी तळाला बसतं, वरचं स्वच्छ पेट्रोल दाट कापडातून गाळून भरलेल्या टाकीत थोडं थोडं मिसळा. तळाचं चमचाभर आणि पेट्रोलने भिजलेली फडकी आवारात उघड्यावर पूर्ण वाळू द्या, मगच कचऱ्यात. आणि गाडीखालचा पेपर रात्रभर तसाच राहू द्या. सकाळी त्यावर डाग नसला की कॉक चालू ठेवून ऑफिसला जायला हरकत नाही.